वेव्हरडीबी

सॉफ्टवेअरच्या स्वयंचलित चाचणीत प्रतिकूल ठरलेल्या किंवा मुळात उपलब्धच न झालेल्या निकालाकडे दुर्लक्ष करून पुढे जाण्यास कोणी, केव्हा व कोणत्या कारणासाठी मान्यता दिली, याची कायम नोंद ठेवणारी एक मुक्त-स्रोत संगणकीय सेवा. ‘वेव्हर’ म्हणजे सूट. ‘डीबी’ हे माहितीसाठा या अर्थाच्या डेटाबेस या शब्दाचे संक्षिप्त रूप होय. लिनक्सवर आधारलेल्या फेडोरा या वितरणासाठी आणि त्यास पाठबळ देणाऱ्या रेड हॅट या अमेरिकन कंपनीच्या अंतर्गत उपयोगासाठी ही सेवा २०१७ पासून विकसित करण्यात आली. तिची आज्ञावली पायथॉन भाषेत लिहिलेली असून जीएनयू सार्वजनिक परवान्याच्या दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या आवृत्तीनुसार ती कोणासही वापरण्यास, अभ्यासण्यास व बदलण्यास खुली आहे. सेवेचा व्याप लहान आहे. तथापि यंत्राने दिलेला नकार माणसाने बाजूस सारावयाचा असेल, तर त्या अधिकारास कोणती बंधने असावीत, या प्रश्नाची क्रमाक्रमाने झालेली उकल तिच्या आवृत्त्यांच्या इतिहासात पाहावयास मिळते.

पार्श्वभूमी : लिनक्स वितरण म्हणजे मूळ प्रणाली, तिच्यावर चालणाऱ्या आज्ञावली आणि त्यांना लागणारी साधने यांचा परस्परांशी जुळवून सिद्ध केलेला संच. हा संच ‘पॅकेज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हजारो स्वतंत्र घटकांचा बनलेला असतो. प्रत्येक पॅकेजची निगा एक वा अधिक देखभालकर्ते राखतात व त्यांपैकी पुष्कळजण स्वयंसेवक असतात. २००३ मध्ये सुरू झालेल्या फेडोरा प्रकल्पात मूळ आज्ञावलीपासून पॅकेजची बांधणी ‘कोजी’ ही यंत्रणा करते, तर झालेली बांधणी सुधारणा म्हणून वापरकर्त्यांपर्यंत पोहोचविण्याचे काम २००७ पासून ‘बोधी’ ही यंत्रणा पाहते. प्रारंभी सुधारणेची पारख मुख्यतः परीक्षकांनी दिलेल्या अनुकूल व प्रतिकूल गुणांवर अवलंबून असे. पॅकेजांची संख्या व परस्परावलंबन वाढत गेल्यावर केवळ या पारखीवर विसंबणे अपुरे पडू लागले आणि स्वयंचलित चाचण्यांना महत्त्व आले. ठरावीक चाचण्या उत्तीर्ण झाल्याखेरीज सुधारणेस पुढे जाऊ न देण्याच्या पद्धतीस ‘गेटिंग’ असे म्हणतात. या पद्धतीत चाचणी ही फाटकावरील पहारेकऱ्याचे काम करते.

मात्र चाचणी अनुत्तीर्ण झाली म्हणजे सॉफ्टवेअर सदोष आहे, असे प्रत्येक वेळी म्हणता येत नाही. प्रतिकूल निकालामागे सामान्यतः चार प्रकारची कारणे आढळतात : (१) सॉफ्टवेअरमध्ये खरोखरच दोष असणे, (२) चाचणीच चुकीची किंवा कालबाह्य असणे, (३) चाचणी चालविणाऱ्या यंत्रात वा जाळ्यात तात्पुरता बिघाड होणे, (४) दोष खरा परंतु किरकोळ असून, सुरक्षिततेच्या दृष्टीने तातडीची असलेली सुधारणा त्यासाठी अडवून ठेवणे अधिक हानिकारक असणे. आज्ञावलीत काहीही बदल झालेला नसताना कधी उत्तीर्ण व कधी अनुत्तीर्ण असा निकाल देणाऱ्या चाचण्यांना अस्थिर चाचण्या म्हणतात. गूगल या कंपनीने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार तिच्या एकूण चाचणी-फेऱ्यांपैकी सुमारे १.५ टक्के फेऱ्यांचे निकाल अस्थिर होते, जवळजवळ १६ टक्के चाचण्यांत थोडीबहुत अस्थिरता होती आणि उत्तीर्णाचे अनुत्तीर्ण झाल्याच्या घटनांपैकी सुमारे ८४ टक्के घटनांत अस्थिर चाचणीचा संबंध होता. असा पहारेकरी निरपवाद मानला, तर काम ठप्प होते. आणि त्याला सरसकट हटविले, तर चाचणीचा हेतूच नाहीसा होतो. या दोहोंमधील मार्ग म्हणजे पहारा कायम ठेवून विशिष्ट प्रसंगी, नाव व कारण नोंदवून सूट देणे हा होय.

सूट देण्याची प्रथा व तीमधील धोके : नियमातून सूट देण्याची प्रथा सॉफ्टवेअरपुरती मर्यादित नाही. विमानविद्या, अवकाशविज्ञान, बांधकाम इ. क्षेत्रांत ती जुनी आहे आणि तिचे दुष्परिणामही तेथेच ठळकपणे दिसून आले आहेत. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट होऊन सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. घन-इंधन अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कड्यांवर आधीच्या एका उड्डाणात झालेला परिणाम पाहून जुलै १९८५ मध्ये उड्डाणांवर निर्बंध घालण्यात आला होता. परंतु त्यानंतरच्या प्रत्येक उड्डाणासाठी त्यातून सूट देण्यात आली. उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्या वरिष्ठांना ना निर्बंधाची कल्पना होती, ना सूट दिल्याची. विल्यम रॉजर्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने त्याच वर्षी सादर केलेल्या अहवालात या गोष्टीवर बोट ठेवले.

४ जून १९९६ रोजी यूरोपीय अवकाश संस्थेच्या ‘आरियान-५’ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण सुरुवातीपासून सुमारे ४० सेकंदांत विफल झाले. दिशादर्शक यंत्रणेत ६४ बिटांच्या एका संख्येचे १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतर करताना ती मर्यादेबाहेर गेली, हे त्याचे तात्कालिक कारण होते. अशा धोक्याच्या सात चल राशींपैकी चारांना संरक्षण देण्यात आले होते. संगणकावरील भार ८० टक्क्यांच्या आत ठेवण्यासाठी उरलेल्या तीन राशी जाणीवपूर्वक मोकळ्या ठेवल्या होत्या. आधीच्या ‘आरियान-४’ साठी हा निर्णय चुकीचा नव्हता. परंतु त्यामागील समर्थन मूळ आज्ञावलीत कोठेही लिहिलेले नव्हते. ते प्रचंड दस्तऐवजांत हरवून गेले व नव्या अग्निबाणाच्या वेळी कोणाच्या नजरेस आले नाही.

सूट देणे हा या दोन्ही प्रसंगांतील मुख्य दोष नव्हता. दिलेली सूट आणि तिचे कारण योग्य वेळी योग्य माणसाच्या डोळ्यांपुढे नव्हते, हा होता. सूटनोंदीसाठी स्वतंत्र सेवा असण्याचे प्रयोजन यावरून स्पष्ट होईल.

रचना : वेव्हरडीबी एकटी काम करीत नाही. तिच्या जोडीला आणखी दोन सेवा असतात. ‘रिझल्ट्सडीबी’ ही सेवा सर्व चाचण्यांचे निकाल साठविते. वेव्हरडीबी ही तिची सहचर सेवा असून ती त्या निकालांसंबंधीच्या सूटनोंदी साठविते. ‘ग्रीनवेव्ह’ ही तिसरी सेवा या दोहोंतील माहिती ठरलेल्या धोरणाशी ताडून पाहते आणि संबंधित वस्तू पुढे जाण्यास पात्र आहे की नाही, ते सांगते. साक्ष, क्षमापन व निवाडा ही तीन कामे अशा प्रकारे वेगळी ठेवलेली आहेत. सूट दिल्याने रिझल्ट्सडीबीतील निकाल बदलत नाही. अनुत्तीर्ण चाचणी अनुत्तीर्णच राहते. केवळ ग्रीनवेव्ह निवाडा करताना त्या निकालास अडथळा मानीत नाही. घडलेली वस्तुस्थिती आणि तिच्याविषयी माणसाने घेतलेला निर्णय या दोन गोष्टींची सरमिसळ होऊ न देणे, हे या रचनेचे मूलतत्त्व होय.

प्रत्येक सूटनोंदीत पुढील तपशील असतो : सूट कोणत्या प्रकारच्या व कोणत्या वस्तूस दिली, कोणत्या चाचणीपुरती दिली, उत्पादनाच्या कोणत्या आवृत्तीस ती लागू आहे, ती देणाऱ्याचे नाव, त्याच्या वतीने दुसऱ्या यंत्रणेने नोंद केली असल्यास त्या यंत्रणेचे नाव, कारण सांगणारा अभिप्राय आणि नोंदीची वेळ. यांखेरीज ‘सूट आहे’ की ‘सूट नाही’ हे दाखविणारा एक द्विपर्यायी रकाना असतो. एकदा केलेली नोंद खोडण्याची सोय ठेवलेली नाही. दिलेली सूट मागे घ्यावयाची असेल, तर ‘सूट नाही’ अशी नवी नोंद करावी लागते. एकाच बाबीविषयी अनेक नोंदी असल्यास शेवटची नोंद ग्राह्य धरतात, परंतु जुन्या नोंदीही मागवून पाहता येतात. हिशेबाच्या वहीत चुकीची रक्कम खोडून न काढता उलट नोंद करतात, तशीच ही पद्धत आहे.

आवृत्त्यांचा विकास : सेवेच्या आरंभीच्या आवृत्त्यांचे क्रमांक शून्याने सुरू होणारे होते. रचना अद्याप स्थिरावलेली नसून तीत मोठे बदल संभवतात, असा अर्थ सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात अशा क्रमांकाला आहे. रचना स्थिरावल्यावर क्रमांक एकपासून पुढे देण्यात आले. या काळात झालेले महत्त्वाचे बदल विषयवार पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(१) सूट कशास द्यावयाची ? प्रारंभी सूटनोंद रिझल्ट्सडीबीतील विशिष्ट निकालाच्या क्रमांकाशी बांधलेली होती. ही योजना सोपी असली, तरी तीत दोन अडचणी होत्या. तीच चाचणी पुन्हा चालविली की नव्या निकालास नवा क्रमांक मिळे आणि जुनी सूट निरुपयोगी ठरे. शिवाय यंत्रणा बंद पडल्यामुळे निकालच आला नाही, तर सूट देण्यास क्रमांकच नसे. धोरणानुसार आवश्यक असलेल्या चाचणीचा निकाल नसणे हेही ग्रीनवेव्ह अडथळाच मानते. त्यामुळे प्रतिकूल निकालास सूट देता येई, परंतु निकालाच्या अभावास देता येत नसे. हा पेच सोडविण्यासाठी सूटनोंद निकालाच्या क्रमांकाऐवजी वस्तू व चाचणी यांच्या जोडीशी बांधण्यात आली. जुने ग्राहक-कार्यक्रम एकाएकी बंद पडू नयेत, म्हणून काही काळ निकालाचा क्रमांकही स्वीकारला जात होता. ‘या निकालास सूट’ असे म्हणण्याऐवजी ‘या वस्तूस या चाचणीपुरती सूट’ असे म्हणणे हा अर्थातील मोठा बदल होता.

(२) वस्तूची ओळख : वस्तूचे वर्णन आरंभी अनेक गुणधर्मांच्या मोकळ्या यादीने केले जात असे. एकाच बांधणीचे वर्णन दोन रीतींनी करता येत असल्याने दिलेली सूट व मागितलेली सूट जुळत नसे. पुढील आवृत्त्यांत त्या जागी दोनच रकाने ठेवण्यात आले : वस्तूचा प्रकार (उदा., कोजीतील बांधणी किंवा बोधीतील सुधारणा) आणि तिची निश्चित ओळख. बांधणीच्या ओळखीत पॅकेजचे नाव, आवृत्ती व प्रकाशन क्रमांक यांचा समावेश असतो. त्यामुळे एका बांधणीस दिलेली सूट पुढच्या बांधणीस आपोआप लागू होत नाही; नव्या बांधणीस हवी असल्यास ती नव्याने मागावी लागते.

(३) कारण : अभिप्रायाचा रकाना प्रारंभी रिकामा सोडता येत असे, नंतर तो अनिवार्य करण्यात आला. कारण न देता पाठविलेली सूटनोंद सेवा नाकारते. तांत्रिक दृष्ट्या हा बदल काही ओळींचा आहे. परंतु ‘आरियान-५’ च्या बाबतीत जे घडले ते ध्यानात घेता त्याचे महत्त्व लक्षात येईल.

(४) कोणाच्या नावे ? सामान्य देखभालकर्ता वेव्हरडीबीशी प्रत्यक्ष संपर्क न साधता बोधीच्या पानावरूनच सूट देतो. अशा वेळी नोंद बोधीच्या नावे झाली, तर खरा निर्णय कोणाचा हे कळणार नाही. म्हणून काही विश्वासार्ह यंत्रणांना दुसऱ्याच्या वतीने नोंद करण्याची मुभा देण्यात आली. मात्र सूट देणारा माणूस व ती पोहोचविणारी यंत्रणा यांची नावे वेगवेगळ्या रकान्यांत नोंदविली जातात.

(५) कोणास अधिकार ? ओळख पटलेल्या कोणाही सदस्यास कोणत्याही चाचणीस सूट देता यावी, ही मोकळीक लहान समूहात चालू शकते. मोठ्या संस्थेत सुरक्षिततेच्या चाचणीस सूट देण्याचा अधिकार मोजक्या लोकांकडे असावा लागतो. यासाठी चाचणीच्या नावानुसार कोणत्या व्यक्तीस वा गटास सूट देता येईल, हे ठरविण्याची सोय करण्यात आली. गटांची माहिती संस्थेच्या सदस्य-निर्देशिकेतून घेतली जाते. ओळख पटविण्यासाठी केर्बेरॉस व ओपनआयडी कनेक्ट या पद्धतींचा उपयोग होतो.

(६) कोणत्या परिस्थितीत ? एकच चाचणी वेगवेगळ्या परिस्थितींत चालविली जाते, उदा., फेडोरात वापरली जाणारी ‘ओपनक्यूए’ ही चाचणी-यंत्रणा तीच स्थापना-चाचणी निरनिराळ्या यंत्ररचनांवर घेते. एका रचनेतील अपयशास दिलेली सूट दुसऱ्या रचनेतील खरे अपयश झाकू नये, म्हणून सूटनोंदीत परिस्थितीचा स्वतंत्र रकाना नंतरच्या आवृत्तीत जोडला गेला. तो रिकामा ठेवल्यास सूट सर्व परिस्थितींना लागू होते.

वरील सहाही बदलांना, दुसऱ्याच्या वतीने नोंद करण्याची मुभा धरूनही, एकच दिशा आहे. सूट अधिकाधिक नेमकी, नावानिशी व कारणासह होत गेली.

तांत्रिक स्थित्यंतरे : सेवेची उभारणी फ्लास्क या पायथॉनमधील चौकटीवर केलेली असून नोंदी पोस्टग्रेएसक्यूएल या माहितीसाठ्यात ठेवल्या जातात. नवी आवृत्ती आली की जुन्या नोंदी नव्या रचनेत नेण्यासाठी स्थलांतराच्या आज्ञावली तिच्याबरोबर देतात; सूटनोंद हा पुरावा असल्याने आवृत्ती बदलताना तिचा अर्थ बदलू न देणे हे त्यांचे मुख्य काम होय. पायथॉनच्या दुसऱ्या पिढीचा आधार १ जानेवारी २०२० पासून संपुष्टात आला. तत्पूर्वी सुरू झालेली ही सेवाही तिसऱ्या पिढीवर आणण्यात आली. नवी सूट नोंदविली गेली की तसा संदेश इतर यंत्रणांना तत्काळ पाठविला जातो, त्यामुळे ग्रीनवेव्हला आपला निवाडा लगेच बदलता येतो. यासाठी फेडोरात प्रथम ‘फेडमेसेज’ ही संदेशव्यवस्था वापरात होती. पुढे तिची जागा ‘फेडोरा मेसेजिंग’ या नव्या व्यवस्थेने घेतली. प्रकल्पाची मूळ आज्ञावली प्रथम ‘पॅग्युअर’ या मुक्त-स्रोत संकेतस्थळावर होती. नंतर ती ‘गिटहब’ येथे हलविण्यात आली. आज्ञापटलावरून सूट देण्यासाठी एक छोटा सोबती-कार्यक्रमही पुरविलेला आहे.

वापर : समजा, एका पॅकेजमधील सुरक्षादोष दूर करणारी बांधणी तयार झाली आणि आवश्यक चाचण्यांपैकी एक अनुत्तीर्ण ठरली. बोधीने विचारणा केल्यावर ग्रीनवेव्ह धोरण पूर्ण न झाल्याचे सांगते व अपुऱ्या राहिलेल्या अटींची यादी देते. देखभालकर्ता चाचणीची कार्यनोंद वाचतो. चाचणी-यंत्रातील जागा संपल्यामुळे ती मध्येच थांबली, असे त्यास आढळल्यास चाचणी पुन्हा चालविणे हा पहिला उपाय होय. ते शक्य नसेल, तर तो तसे कारण लिहून सूट देतो व सुधारणा पुढे सरकते. कार्यनोंदीत खरा दोष दिसल्यास मात्र दोष दुरुस्त करून नवी बांधणी करणे हाच योग्य मार्ग ठरतो. फेडोरात स्थिर आवृत्त्यांच्या सुधारणांप्रमाणेच ‘रॉहाइड’ या सतत बदलत्या विकसनशील शाखेसही २०१९ पासून ही पद्धत लागू करण्यात आली.

अन्य पद्धती : अपयशास सूट देण्याच्या इतरही रीती प्रचलित आहेत. पायथॉनच्या चाचणी-साधनांत एखादी चाचणी ‘अपेक्षित अपयश’ म्हणून आज्ञावलीतच चिन्हांकित करता येते. ही रीत सोपी असली, तरी तशी खूण प्रत्येक पुढील बांधणीस लागू राहते आणि विसरली जाण्याचा संभव असतो. डेबियन या लिनक्स वितरणात पॅकेजांचे पुढील शाखेत स्थलांतर ‘ब्रिटनी’ हा कार्यक्रम ठरवितो. एखादी चाचणी सदोष समजावी, अशी सूचना प्रकाशन-गटाचे सदस्य त्यास लिखित स्वरूपात देतात. तेथे हा अधिकार एका लहान मध्यवर्ती गटाकडे आहे, तर फेडोराच्या पद्धतीत तो पुष्कळ अंशी पॅकेजच्या देखभालकर्त्याकडे सोपविलेला आहे. पहिल्या पद्धतीत एकसूत्रता अधिक, तर दुसरीत वेग अधिक असतो व त्याबरोबर व्यक्तिगत जबाबदारीही वाढते.

मर्यादा : वेव्हरडीबी सूट योग्य की अयोग्य, हे ठरवीत नाही. अभिप्राय लिहिलेला आहे की नाही, एवढेच ती पाहते. तो प्रामाणिक आहे की नाही, हे तिला कळत नाही. अस्थिर चाचण्या दुरुस्त करण्याऐवजी प्रत्येक वेळी सूट देण्याची सवय लागली, तर नोंदी वाढत जातात व फाटक नावापुरते उरते. ‘चॅलेंजर’ च्या बाबतीतही सूट प्रत्येक उड्डाणास स्वतंत्रपणे देण्यात आली होती. परंतु प्रत्येक वेळी काही बिघडले नाही, म्हणून ती देणे अंगवळणी पडले. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या दुर्घटनेवरील ग्रंथात अशा प्रक्रियेस ‘विचलनाचे सामान्यीकरण’ असे संबोधले आहे. यावर सेवेपाशी स्वतःचा उपाय नसला, तरी उपायास लागणारे साधन तिच्यापाशी आहे. कोणत्या चाचणीस वारंवार सूट द्यावी लागते, ती कोण देतो व काय कारणे सांगतो, हे साठविलेल्या नोंदींवरून शोधता येते. ज्या चाचणीस सतत सूट मिळते, ती एक तर दुरुस्त करावयास हवी किंवा आवश्यक चाचण्यांच्या यादीतून काढावयास हवी. तसे न झाल्यास तिच्या नकाराकडे कोणी लक्ष देईनासे होते आणि खरा दोष आला, तरी तो त्याच वाटेने निसटतो. म्हणून या सेवेची उपयुक्तता अखेर तिच्यातील नोंदी अधूनमधून वाचणाऱ्या माणसांवर अवलंबून राहते.